बॉलची अढी

…तर बॉल नाकाशी धरून भुजंगआबांनी दोन्ही डोळे मिटले, इथवर काल गोष्ट आली होती. बॉल कोरा करकरीत, खोक्यातून नुकताच निघालेला, आणि आबा तो असा हुंगू लागले की जणू बाजारात खरबूज घेऊन राहिलेत. जत्रेच्या कमिटीची सगळी मंडळी देवळापुढं माना लांब करून उभी. शेवटी आबांनी डोळे उघडले, बॉल हातभर लांब धरला आणि निकाल दिला, "कच्चा हाय."

आता काल जे चहा पिऊन लवकर सटकले, त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो.

भुजंगआबा म्हणजे अर्धापूरच्या अलीकडच्या गावातला केळीवाला माणूस. सारा जन्म केळीत गेला. लावणं, तोडणं ही कामं मुलाकडं, दयानंदकडं गेली, पण पिकवण्याचं खातं आबांनी सोडलं नाही. पूर्वी ते मातीच्या खोलीत धूर कोंडून भट्टी लावत. आता दयानंदनं थंड हवेचं चेंबर बांधलं, बटणं आली, काटे आले, तरी चेंबरच्या दाराशी आबांची खुर्ची ती खुर्चीच. या धंद्यानं त्यांची जीभच तशी वळली होती. जगातल्या यच्चयावत वस्तूंचे त्यांच्या लेखी तीन प्रकार: कच्ची, पाडाला आलेली आणि पिकलेली. शाळेतला नवा मास्तर कच्चा. दाटून आलेलं आभाळ पाडाला. सुकन्या लग्न होऊन घरात आली तेव्हा मांडवातच पाहुण्यांना म्हणाले, "पाडाला हाय सून, आठ दिसांत गोड हुईल." सुकन्या ते अजून विसरलेली नाही. भाजीत मीठ जास्त पडलं की वाढतानाच सांगते, "मामा, आज जरा जास्तच पिकले बगा मी."

पण आबांची खरी ओळख केळ्याची नव्हे, शूटिंग बॉलची. शूटिंग बॉल म्हणजे व्हॉलीबॉलचा खेडवळ, अडदांड भाऊ. जाळी तीच, मैदान धुळीचं, आणि बॉल बोटांनी गोंजारायचा नाही, दोन्ही मुठी जोडून पलीकडं हाणायचा. आबांच्या तरुणपणी कंधारपासून धर्माबादपर्यंत जी जत्रा भरे तिथं या खेळाचे सामने होत, आणि सगळीकडं बॉल एकच, गेंडा छाप. जाड चामडं, आत रबरी फुगा, तोंडाला बुटाच्या नाडीसारखी चामडी वादी, आणि पोटावर रागीट चेहऱ्याचा एक गेंडा.

आबांनी हाणलेला गेंडा कधी सरळ येत नसे. जाळीवरून तो डुलत डुलत निघे. समोरच्याला वाटे, आता आपल्या छातीवरच येतोय. तो मुठी जोडून वाट बघे, आणि बॉल ऐन वेळी मान टाकून त्याच्या पायाशी पडे. या माऱ्याला लोकांनी नाव दिलं होतं, भुजंगाची डुलकी. सगळ्यात गाजली ती धर्माबादच्या जत्रेतल्या शेवटच्या सामन्यातली. तेव्हा समोर मुठी जोडून उभा होता नरसिंग, तिथल्या मिरचीवाल्याचा मुलगा. बॉल त्याच्या पायाशी पडला, ढाल अर्धापूरकडं आली, आणि नरसिंग मुठी जोडलेल्या तशाच ठेवून उभा राहिला. लोक म्हणत, पोरगा बक्षीस घ्यायला आलेल्यांना नमस्कार करतोय.

पुढं वर्षं गेली. नरसिंग नरसिंगराव झाले, आणि सोयरिकीचे धागे असे जुळले की त्यांचीच मुलगी सुकन्या भुजंगआबांच्या घरात सून म्हणून आली. नरसिंगरावांनी मुलगी दिली, भांडी दिली, वर मिरचीचं पोतं दिलं, पण तो सामना काही दिला नाही. गेली चाळीसेक वर्षं त्यांचं एकच म्हणणं, "पाव्हणं, हात तुमचा न्हवता. बॉल चांगला होता."

यावर आबा नुसते मिशीत हसत. म्हणत, "जळतंय त्यांचं. जळू द्या."

मधल्या काळात गेंडा छापचा कारखाना बंद पडला. गावोगावी हलके, रंगीबेरंगी, पपईसारखे बॉल आले. आबांनी त्यांना हात लावला नाही. आपला जुना गेंडा त्यांनी घरात खुंटीला जाळीत टांगून ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत आणि म्हणत, "असा बॉल पुन्हा होणं न्हाई." हे वाक्य ते इतक्या वेळा बोलले होते की घरातल्या शेळीलाही पाठ झालं असावं.

आणि यंदा सुकन्याला मोबाईलवर दिसलं की त्या कारखानदाराच्या नातवांनी गेंडा छाप पुन्हा बाजारात आणला आहे. तेच चामडं, तीच वादी, तोच गेंडा. खोक्यावर सोनेरी अक्षरं, 'गेंडा क्लासिक: तोच बॉल, तीच शान'. तिनं एक मागवला. जत्रेच्या कमिटीनं ठरवलं, आबांनी हो म्हटलं तर यंदाचे सगळे सामने याच बॉलवर. नाही म्हटलं तर आहेतच पपया. आणि त्या दिवशी योगायोगानं, म्हणजे सुकन्यानं मुद्दाम बोलावून घेतल्यामुळं, नरसिंगरावही हजर होते.

तर आबा म्हणाले, "कच्चा हाय."

"म्हंजी जुन्यासारखा न्हाई?" नरसिंगरावांनी अगदी गरीब तोंड करून विचारलं.

"न्हाई. जुन्याची सर ह्याला येणं न्हाई."

"वजन?"

"वजन तेच."

"चामडं?"

"चामडंबी तसंच दिसतंय."

"शिवण?"

"शिवण बरी हाय की. नावं कामून ठिवावी?"

"आन तरी फरक लई पडतो म्हंता?"

"जमीन-अस्मानाचा!" आबा छाती काढून म्हणाले.

नरसिंगराव कमिटीकडं वळले. चिडवायच्या रंगात आले की ते सोयऱ्याला तेलुगूत बावगारू म्हणत. धर्माबाद म्हणजे तेलंगणाच्या उंबऱ्यावरचं गाव, तिकडं व्याह्याला तसं म्हणतात. "ऐकलं का मंडळी? बावगारूंनी सोत्ताच्या तोंडानं कबूल केलं. नुसत्या बॉलानं जमीन-अस्मानाचा फरक पडतो! म्हंजी धर्माबादात मला हरिवलं ते बॉलानंच की. मी इतके दिवस दुसरं काय सांगून राहिलो?"

मंडळी अशी हसली की देवळावरची कबुतरं उडाली.

आबांनी बॉल उलटासुलटा करून बघितला. आजवर लक्षातच आलं नव्हतं त्यांच्या. त्या बॉलाची थोरवी गाता गाता आपण आपल्याच हाताखालची सतरंजी ओढत होतो की! बॉल अद्भुत म्हणावा तर हात फुकट गेला. आणि नवा जुन्यासारखाच म्हणावा तर?

तेही नरसिंगरावांनीच सांगितलं. "आन सारखाच आसंल तर सोपं हाय. जत्रेत ह्याच बॉलानं मला तीच डुलकी मारून दाखवा. मी राहतो समोर उभा. हाय का कबूल?"

आबांचं वय सत्तरीपलीकडं. उजवा खांदा थंडीत कुरकुरे. शेवटची डुलकी कधी मारली होती ते त्यांनाही आठवत नव्हतं. तिकडं आड, इकडं विहीर अशी गत. पण अर्धापूरच्या माणसाला केळीच्या बागेत वाट सापडतेच. आबांनी बॉल काखेत घेतला आणि शांतपणे म्हणाले, "म्यां कच्चा म्हणलो. खोटा न्हाई म्हणलो. बियाणं तेच हाय. पिकवावा लागतंय. जत्रेपस्तोर पिकवतो, मग बगू."

आणि हे नुसतं वेळ मारून नेण्यासाठी बोलले असं समजू नका. घरी येईपर्यंत त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

बॉल पिकवायचा म्हणजे काय, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं आबांना अडवणारंही कुणी नव्हतं. आंब्याची अढी घालतात तेव्हा गवतात एखादं पिकलेलं फळ ठेवतात, म्हणजे त्याच्या नादानं बाकीची पिकतात. केळ्याचंही तेच. आबांनी विचार केला, खुंटीवरचा जुना गेंडा म्हणजे पिकून पिकून साखर झालेलं फळ. त्याच्या शेजारी नवा ठेवला, थंड हवा दिली, ओल दिली, की येईल पाडाला.

त्यांनी जुन्याला आधी नवा फुगा घातला, कारण जत्रेत तोही लोकांना दाखवायचा होता. मग दोन्ही बॉलांना करडीचं तेल चोळलं. चोळता चोळता नव्याच्या पोटावरचा गेंडा त्यांच्या डोळ्यांत खुपला. लई झगझगीत, वरातीतल्या बँडवाल्यासारखा. जुन्यावरचा गेंडा तर कधीच घासून गेला होता. तेव्हा आबांनी काचपेपर घेतला आणि नव्यावरचाही उडवला. वर पुन्हा तेल. दोन दिवसांत दोन्ही बॉल तेल पिऊन काळेभोर झाले.

मंजुळाबाई, आबांच्या मालकीणबाई, दारात तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "आवं, लेकराच्या अंगाला इतकं तेल कधी चोळलं न्हाई तुम्ही."

"लेकरं आपोआप मोठी होतात," आबा म्हणाले, "बॉल होत न्हाई."

मग एका क्रेटमध्ये खाली केळीची पानं, त्यावर दोन्ही बॉल खेटून, वरून केळ्याच्या फण्या, आणि सगळं चेंबरच्या कोपऱ्यात. दयानंदला आबांनी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो चेंबरचं दार उघडं टाकून हसत बसला असता.

इथं घोळ झाला. चेंबरमध्ये सगळी क्रेटं दिसायला एकासारखी एक. एके दुपारी आबा जेवून जरा आडवे झाले, आणि तेवढ्यात लातूरचा माल भरायला टेम्पो आला. हमालांनी कोपऱ्यापासूनच सुरुवात केली. आबा उठून चेंबरमध्ये आले तर कोपरा स्वच्छ झाडल्यासारखा मोकळा. आबांनी आधी डाव्या कोपऱ्यात बघितलं, मग उजव्या, मग वर छताकडं. छताकडं का, ते त्यांनाच माहीत.

संध्याकाळी दयानंदच्या मोबाईलवर लातूरहून फोन आला. तिथले फळांचे आडते विरूपाक्ष, जुनी ओळख. ते म्हणाले, "दयानंदराव, अर्धापूरचं केळ मोठं आसतंय हे ऐकून होतो. पण गोल कवापासून लागायलंय?"

दयानंदला काही उमगेना. मागं उभ्या असलेल्या आबांचा चेहरा बघितल्यावर मात्र सगळंच उमगलं. त्यानं फोन आबांच्या हातात दिला आणि तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ बराच वेळ हलत होती.

दुसऱ्या दिवशी आबा एसटीनं लातूरला निघाले. सोबत कोण? नरसिंगराव! सुकन्यानं बापाला बातमी कळवली होती, आणि असा मौका ते सोडतात थोडेच? अहमदपूर येईपर्यंत त्यांनी तोंड मिटलं नाही. "बावगारू, आता पिकला आसंल का हो? का लातूरवाल्यांनी सोलून खाल्ला?" मागच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, काय पिकवायला टाकलंय? नरसिंगरावांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. अहमदपूरच्या पुढं सगळी एसटी आबांकडं माना वळवून बघत होती.

विरूपाक्षांच्या आडतीत केळ्याच्या क्रेटांमधून वाट काढत दोघे आत गेले. टेबलावर दोन बॉल मांडून ठेवलेले. केळ्याचा चीक लागला म्हणून विरूपाक्षांच्या माणसांनी ते स्वच्छ पुसले होते. दोन्ही काळेभोर, दोन्ही तेलकट, क्रेटांच्या ओझ्याखाली दबून दोन्ही एका अंगाला किंचित बसके.

"आबा," विरूपाक्ष म्हणाले, "आमच्या हमालांत पैज लागलीया. ह्यातला जुना कोणता?"

आबांनी हात पुढं केला, आणि हात मधेच थांबला.

कळेना. खरंच कळेना. जो बॉल त्यांनी उभी हयात खुंटीवर बघितला, ज्याच्या गुणगानात अर्धं आयुष्य घातलं, तो समोर होता, आणि शेजारी कालचा छोकरा होता, आणि दोघं जुळ्या भावांसारखे त्यांच्याकडं बघत होते. आबांनी एक उचलला, हुंगला. केळ्याचा वास. दुसरा हुंगला. केळ्याचाच वास. बाजूला नरसिंगराव टक लावून बघत होते. मांजर उंदराच्या बिळापुढं बसावं तसे.

"हा," आबा ठासून म्हणाले आणि डावीकडचा काखेत घेतला. "ह्यात काय वळखायचं? माय लेकराला वळखत न्हाई का?"

"अगदी खरं," नरसिंगराव म्हणाले. "मघा हात थांबला तवाच म्यां म्हणलो, माय वळखून राहिली."

परतीच्या एसटीत आबा मांडीवर दोन बॉल घेऊन बसले. वरून सगळा रुबाब. ज्याला दोन्हींतला फरक दिसत नाही, त्यानं चारचौघांत जमीन-अस्मानाचा फरक सांगितला होता. हे नरसिंगला कळलं तर तो धर्माबादच्या मोंढ्यात हलगी लावून सांगेल.

घरी आल्यावर त्यांनी सगळे इलाज केले. बॉल दाबून बघितले, वाजवून बघितले, धान्याच्या काट्यावर चढवले. काटा हलला, पण इतका थोडा की माशी बसल्यानंही हलला असता. वादी सोडून आत बघावं, तर सुकन्या सारखी कशाला ना कशाला खोलीत डोकवायची आणि बापासारखंच गरीब तोंड करायची. शेवटी आबांनी आवाज खाली घेऊन मंजुळाबाईंना विचारलं, "अगं, ह्यातला आपला कोणता वाटतोय?"

मंजुळाबाईंनी दोन्हींकडं नीट बघितलं. म्हणाल्या, "एकाला हातात घ्या बरं."

आबांनी घेतला.

"आता दुसऱ्याला."

आबांनी घेतला.

"दोन्ही टायमाला तोंड सारखंच येडं दिसलं," मंजुळाबाई म्हणाल्या. "मला न्हाई कळलं."

जत्रेचा दिवस आला. मैदानावर पाणी मारलं, जाळी ताणली, भोंगा लागला. कमिटीनं जाहीर केलं होतं की सामन्यांआधी भुजंगआबा बॉलचा निकाल देणार आणि नरसिंगरावांना डुलकी मारणार. त्यामुळं पाळण्यात कुणी बसेना, जिलेबी गार होऊ लागली, सगळी गर्दी मैदानाभोवती. पलीकडच्या अंगाला नरसिंगराव धोतर खोचून उभे. मुठी आत्ताच जोडलेल्या. अलीकडं आबा, पायाशी दोन बॉल.

आबांनी मनाशी हिशेब केला होता. लातूरला आपण डावीकडचा जुना म्हणून काखेत घेतला, घरी येताच त्याच्या वादीला खुणेची बारीक गाठही मारून ठेवली. अंदाज का असेना, तोच आता खरा धरायचा. दुसरा तो नवा. नवा आधी मारायचा, तो मरतुकडा जाईल, आपण म्हणायचं बघा अजून पिकला नाही. मग जुन्यानं डुलकी बसली तर बसली. नाही बसली तर खांद्याचं नाव सांगायचं.

त्यांनी बॉल उचलून सगळ्या गर्दीला दाखवला. भोंग्यात म्हणाले, "हा नवा बगा! कंपनी म्हणती जुन्यासारखाच. आता ह्याची गंमत बगा."

बॉल वर उडाला, आबांच्या जोडलेल्या मुठी खालून आल्या, आणि असा आवाज झाला की भोंग्यातसुद्धा घुमला. फाट! शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. बॉल जाळीपर्यंतही गेला नाही. मध्येच चपातीसारखा पसरून धुळीत पडला, आणि त्याच्या उघड्या पोटातून एक चिंधी बाहेर लोंबू लागली. हिरवी, लाल काठाची.

आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मंजुळाबाईंचा आवाज आला.

"आवं! ह्यो तर माझ्या इरकली लुगड्याचा पदर!"

आता ही काय भानगड ते सांगितलं पाहिजे. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मंजुळाबाईंच्या माहेरच्या लुगड्याचा टीचभर पदर गायब झाला होता. आबांनी तेव्हा उंदराचं नाव सांगितलं होतं. एवढंच नव्हे, पिंजरा आणून एक निरपराध उंदीर पकडून त्याला शिक्षाही केली होती. खरी गोष्ट अशी की धर्माबादच्या सामन्याआधी बॉलचं चामडं आतून विरलं होतं, आणि त्याला अस्तर लावायला घरात दुसरं मजबूत कापड नव्हतं.

"उंदीर का?" मंजुळाबाई मैदानात उतरल्या. "मिशीवाला व्हता का हो त्यो उंदीर?"

हशा असा उसळला की भोंगेवाल्यानं भोंगाच खाली ठेवला. पण नरसिंगराव हसले नाहीत. त्यांचं डोकं वेगळ्याच गोष्टीत चाललं होतं. ते जाळीपाशी आले. म्हणाले, "थांबा, थांबा. लुगडं त्या टायमाचं. म्हंजी फुटला तो जुना! बावगारू, तुम्ही तर नवा म्हणून दाखवला की आमाला!"

झालं. सगळ्या जत्रेदेखत. नव्याजुन्याचा निकाल देणाऱ्या न्यायाधीशालाच नवा कोणता न् जुना कोणता ते ठाऊक नव्हतं. आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जुना गेला, चिंध्या झाला. आणि पायाशी उरला तो नवा. कच्चा. ज्याला सर येणं नाही म्हणून आबांनी सांगितलं होतं, तो.

"माय लेकराला वळखत न्हाई का?" नरसिंगराव अहमदपूरपर्यंत ऐकू जावं असं ओरडले. "आता मारा की! का खांदा दुखून राहिला?"

आबा तेच म्हणणार होते. खांदा हा शब्द तोंडात आलाही होता. पण नरसिंगनं तो आधीच बोलून टाकला. आता खांद्याचं नाव काढायची सोय उरली नाही. त्यांनी खाली वाकून नवा बॉल उचलला. क्षणभर त्यांना वाटलं, हा नीट गेला तर आपलं 'पुन्हा होणं न्हाई' खोटं ठरतंय. आणि नाही गेला तर हा हात चाळीस वर्षं खोटा ठरतो. मग राखायचं कुणाचं, बोलण्याचं का हाताचं? बोलणं आपण दुसरं शोधू, असं आबांनी ठरवलं. हात दुसरा कुठून आणायचा?

त्यांनी बॉल वर टाकला. मुठी जोडल्या. खांदा कुरकुरला, त्याला त्यांनी मनातल्या मनात शिवी दिली, आणि हाणला.

बॉल जाळीवर आला. थोडा डावीकडं गेला. मग त्याचं त्यालाच काही आठवल्यासारखा उजवीकडं वळला. डुलत, रमत, जसा काही जत्रेत पाळणे बघत निघाला आहे. नरसिंगरावांनी छातीपुढं मुठी आवळल्या. पाऊल एक पुढं, एक मागं. "आला, आला," असं तेच म्हणाले. आणि बॉलानं मान टाकली. दोन्ही पायांच्या बरोबर मधोमध पडला, आणि तिथंच राहिला. उसळलासुद्धा नाही.

नरसिंगराव मुठी जोडून तसेच उभे.

त्यानंतर जे काही झालं ते ऐकण्यापेक्षा बघण्यासारखं होतं. पिपाण्या वाजल्या, कुणी आबांना उचलायला गेलं आणि खांद्यानं नको म्हणून सांगितलं. सुकन्या बाप हरला म्हणून रडतेय का सासरा जिंकला म्हणून हसतेय, ते कुणाला कळेना. मंजुळाबाई तेवढ्या लुगड्याची चिंधी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांचा सामना संपला नव्हता.

कमिटीचे लोक वाद घालू लागले. कुणी म्हणे नवा बॉल जुन्यासारखाच आहे. कुणी म्हणे केळ्यात पिकवला म्हणून झाला, सगळेच बॉल अर्धापूरला पाठवा. कुणी म्हणे क्रेटाखाली दबून बसका झाला, म्हणून डुलला. शेवटी सगळ्यांनी भोंगा आबांपुढं धरला.

नरसिंगराव जाळीखालून वाकून अलीकडं आले. घामाघूम झालेले, पण डोळ्यांत तीच चमक. आबांना अजून एकदा पकडता येईल, असं त्यांना वाटत होतं. आबा हो म्हणाले तर इतकी वर्षं काय सांगत होता, नाही म्हणाले तर आत्ता काय बघितलं. त्यांनी अगदी गरीब तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बावगारू, हात तुमचाच व्हता, आज कबूल करतो. पण निकाल अजून बाकी हाय. आता सांगा, नवा बॉल जुन्याच्या बरोबरीचा हाय का न्हाई?"

भुजंगआबांनी भोंगा दोन्ही हातांनी तोंडापाशी धरला, मिशीवरून जीभ फिरवली आणि म्हणाले,

"मला काय इचारता, पाव्हणं? म्यां तर दोन्ही नुसते मारले. त्या टायमाला जुना तुमच्या हातून सुटला, आज नवा सुटला. दोघाचीबी गाठ पडली ती तुमच्याशीच. कोणता सोडताना जास्त चांगलं वाटलं, ते तुम्हीच सांगा की!"